खुर्चीतली बाई

१

सकाळी दात घासले की निवेदिता तोंडात काही घालत नसे. चहा नाही, बिस्कीट नाही, बडीशेपेचा दाणासुद्धा नाही. समोर रणजित आल्याचा चहा फुरके मारत प्यायचा आणि ती त्याच्याकडे बघत कोमट पाण्याच्या चुळा भरायची. आज कुठल्या देवाचा उपास, असं तो रोज विचारायचा आणि स्वतःच हसायचा.

कारण ऐकलं की लोक नाक मुरडतात, पण त्याला इलाज नाही. निवेदिता जुनी चित्रं स्वच्छ करायची, आणि चित्र स्वच्छ करायचं तिचं सगळ्यात भरवशाचं द्रावण म्हणजे माणसाची लाळ. बांबूच्या काडीला कापूस गुंडाळायचा, तो जिभेवर ओला करायचा, रंगावरून हलक्या हातानं फिरवायचा आणि टाकून द्यायचा. मग नवा बोळा. धुराची, धुळीची जुनी पुटं लाळेनं सुटतात आणि खालच्या रंगाला धक्का लागत नाही. मोठमोठ्या संग्रहालयांतही हेच चालतं, फक्त पाहुण्यांना कुणी सांगत नाही.

पुण्याला तिच्या आईला, शांताबाईंना, हे कळलं तेव्हा त्यांनी व्हिडिओ कॉलवरच कपाळाला हात लावला होता. एवढं शिकवलं ते परक्यांच्या चित्रांवर थुंकायला का, असं आधी थट्टेनं विचारून झालं. मग त्यांचा सूर बदलला.

"उष्टं द्यायचं ते आपल्या लेकराला, नाहीतर नवऱ्याला," त्या म्हणाल्या. "उष्टं दिलं की तो आपल्यातला झाला. मग त्याचं बरंवाईट आपल्या अंगाशी येतं. भलत्याच्या तोंडाला उष्टं लावू नये गं."

निवेदिता हसली आणि तिनं विषय बदलला. आईचे असले नियम ऐकतच ती लहानाची मोठी झाली होती. तिचा स्वतःचा नियम एकच होता आणि तो तिनं लग्न ठरतानाच रणजितला सांगून टाकला होता: आपल्या घरात कुणाचा कुणावर हात उठायचा नाही. तिचे वडील, काशिनाथराव, शांत माणूस म्हणून गल्लीत नावाजलेले होते, आणि घरात त्यांचा पट्टा खुंटीवर सगळ्यांना दिसेल असा टांगलेला असे. पट्ट्यापेक्षा त्या खुंटीचीच भीती तिला जास्त वाटायची. श्रिया जन्मली तेव्हा दवाखान्यात तिला छातीशी धरून निवेदितानं मनाशी पुन्हा एकदा ते सगळं बोलून घेतलं होतं. श्रिया आता दुसरीत-तिसरीत जायच्या वयाची झाली होती, तिच्या अंगाला आजवर कुणी रागानं बोट लावलं नव्हतं, आणि ह्या एका गोष्टीचा निवेदिताला फार अभिमान होता.

तिचा स्टुडिओ म्हणजे क्राइस्टचर्चच्या रिकार्टन भागातल्या त्यांच्या घराचं गॅरेज. इथे, दक्षिण गोलार्धात, ऊन उत्तरेकडून येतं आणि ते थेट चित्रावर नको, म्हणून तिनं दक्षिणेच्या भिंतीत मोठी खिडकी काढून घेतली होती आणि तिच्यासमोर चित्र टेकवायचं ईझल मांडलं होतं. गाडी बाहेर गारठ्यात आणि चित्रं आत हीटरच्या उबेत, ही रणजितची ठरलेली कुरकुर. वसंतातल्या एका दुपारी ह्याच गॅरेजच्या दारात हेदर तिची गाडी घेऊन आली. मागच्या सीटवर रजईत गुंडाळलेलं काहीतरी होतं, आणि त्याला सीटबेल्ट लावलेला होता.

२

हेदर लिटलटन बंदराच्या चढावर राहणारी, सत्तरी ओलांडलेली, बोलघेवडी बाई. तिची मावसआजी अ‍ॅग्नेस ही लोरेन्झ टाउबरची बायको. चित्र टाउबरचं होतं.

टाउबरचं नाव निवेदिताला शिकतानाच माहीत झालं होतं. जर्मनीत काही तरुण पोरांनी माणसं दिसतात तशी रंगवायचं सोडून, माणसाला आतून जे वाटतं त्याच्या रंगात ती रंगवायला सुरुवात केली, त्यांतल्या अगदी पहिल्यांपैकी हा एक. हिरवे चेहरे, लाल कडा, कोनांत मोडलेले हात. पहिल्या महायुद्धाच्या आधी तो बोटीनं इकडे आला, युद्ध सुरू झाल्यावर शत्रूचा माणूस म्हणून वेलिंग्टनच्या खाडीतल्या बेटावर डांबला गेला, आणि सुटल्यावर लिटलटनला कोळशाच्या एका जुन्या वखारीत राहायला लागला. तिथे त्यानं उरलेलं आयुष्यभर एकच चित्र पुन्हा पुन्हा काढलं. खुर्चीत बसलेलं माणूस, चेहऱ्यासमोर कोपर, आणि कोपरावरून बघणारे डोळे. कुणीतरी आत्ता मारणार आहे. मारणारा मात्र त्याच्या एकाही चित्रात नाही. ह्यावर विद्वानांनी बरंच काही लिहून ठेवलं आहे. त्यांचं पोट त्यावरच चालतं.

हेदरनं चहात जिंजरनट बिस्कीट बुडवत जे सांगितलं ते मात्र कुठल्या पुस्तकात नव्हतं. टाउबर माणूस समोर बसवायचा आणि आपण जमिनीत ठोकलेल्या एका पितळी खिळ्यावर उभा राहायचा. "हलू नका," एवढंच म्हणायचा. मग हवापाण्याच्या गप्पा मारता मारता एकदम हात उगारायचा. मारायचा नाही, मारल्याचं कुणी कधी पाहिलं नाही. पुन्हा गप्पा, पुन्हा हात. असं दिवसचे दिवस चालायचं. शेवटी त्याचा हात उठायच्या आतच समोरच्याचं कोपर आपोआप वर जायला लागलं की मग तो ब्रश उचलायचा. सगळ्यात जास्त बसली ती अ‍ॅग्नेस. आणि एके दिवशी टाउबर त्याच खुर्चीपाशी डोकं फुटून मेलेला सापडला.

"पोलिसांना ती एवढंच म्हणाली," हेदर म्हणाली, "की मी फक्त त्याच्या जागी उभी राहिले होते."

हे चित्र तेव्हा ईझलवर होतं. नंतर ते अ‍ॅग्नेसच्या स्वयंपाकघरात, कोळशाच्या शेगडीवर टांगलेलं राहिलं आणि त्यावर काजळी चढत गेली. चेहरा कुणाचा आहे, हे आता हयात असलेल्या कुणीच पाहिलेलं नव्हतं. वर जायच्या आधी तो बघायचा आहे, असं हेदर म्हणाली आणि स्वतःच हसली.

३

कामाची निवेदिताची शिस्त कडक होती. चित्रासमोर जिथे उभं राहायचं तिथे ती जमिनीवर टेपची फुली मारायची. रोज काम सुरू करण्यापूर्वी आणि संपल्यावर त्याच फुलीवरून, त्याच उजेडात फोटो काढायचा, म्हणजे किती साफ झालं ते कळतं. टाउबरच्या चित्रासाठी कुठली जागा चांगली हे बघत ती पुढेमागे सरकली, आणि एका ठिकाणी काजळीतून जेमतेम दिसणारे, खुर्चीतल्या बाईचे डोळे नेमके तिच्या डोळ्यांवर येऊन थांबले. तिनं तिथेच फुली मारली.

कडेपासून सुरुवात केली. खुर्चीचे पाय उजळले, पिवळेधमक. मग घागऱ्याचा निळा. बोळे काळे होऊन डब्यात पडत होते आणि तोंडाला कोरड पडली की ती पाण्याची चूळ भरून पुन्हा लागत होती. एक गोष्ट तिला जरा वेगळी वाटली. लाळेचा ओलसरपणा रंगावर थोडा वेळ चमकतो, मग वाळतो. इथे बोळा उचलला की खालची जागा कोरडी असायची. जुना रंग तहानलेला असतो, असं तिनं स्वतःला सांगितलं.

आठवडा सरता सरता तिनं फोटो एकाखाली एक लावून बघितले. पहिल्या फोटोत त्या बाईचं कोपर हनुवटीच्या समोर होतं. शेवटच्या फोटोत ते ओठांवर आलेलं होतं.

तिनं लगेच दहा कारणं शोधली. कॅमेरा खाली-वर झाला असेल. काजळी निघाली तशी हाताची कड वेगळी दिसत असेल. तिनं पट्टी घेऊन प्रत्यक्ष चित्रावर माप घेतलं आणि पहिल्या फोटोशी ताडून बघितलं. मग पट्टी खाली ठेवली आणि पट्टी चुकीची असेल असं ठरवलं. एवढी शिकलेली बाई, पट्टीवर आळ घेऊन मोकळी झाली.

त्याच दुपारी ती घरात भांडी आवरत असताना गॅरेजमधून आवाज आला. धप्प. थोडं थांबून पुन्हा. ओल्या फडक्यानं कुणीतरी ओटा झोडपावा तसा. डोंगराकडून नॉर्वेस्टर सुटला होता, तो गरम कोरडा वारा, जो सुटला की अख्ख्या क्राइस्टचर्चची डोकी दुखतात आणि माणसं क्षुल्लक गोष्टींवरून एकमेकांच्या अंगावर जातात. वाऱ्यानं गॅरेजचं दार आत-बाहेर ओढलं जात असेल आणि सैल कॅनव्हास चौकटीवर आपटत असेल. तिनं जाऊन चौकटीच्या कोपऱ्यांतल्या लाकडी पाचरी ठोकून कॅनव्हास ताणून घट्ट केला, बोटानं वाजवूनही बघितला.

ती स्वयंपाकघरात परत आली आणि आवाज पुन्हा आला.

४

श्रियाला मराठी सगळं कळायचं, पण तिच्या तोंडून मराठी शब्द म्हणून येत नसे. आजीनं फोनवर कितीही लाडीगोडी लावली तरी उत्तर इंग्रजीतच. ती एका सकाळी टोस्टवर मार्माइट, ते काळं खारट चाटण, फासत बसली होती आणि तिच्या गालाला त्याचा काळा डाग लागला होता. निवेदितानं कुठल्याही आईनं केलं असतं तेच केलं. अंगठा जिभेला लावला आणि तो गालाकडे नेला.

"हलू नकोस," ती म्हणाली.

श्रियाचं कोपर वर गेलं. चेहऱ्यासमोर. कोपरावरून तिचे डोळे आईकडे बघत होते आणि त्यांत जे होतं ते निवेदितानं लगेच ओळखलं, कारण पुण्याच्या घरातल्या आरशात तिनं ते स्वतःच्याच डोळ्यांत पाहिलेलं होतं.

रणजितचा हात लॅपटॉपवर थांबला. निवेदितानं अंगठा स्वतःच्या कपड्यालाच पुसला आणि हसून विचारलं, काय झालं गं? श्रिया म्हणाली, "नथिंग," आणि टोस्ट तसाच टाकून शाळेची बॅग भरायला गेली.

एवढ्याशा पोरीला कोपर वर न्यायला कुणी शिकवलं? हे आपोआप येत नाही. हे अंगात मुरवावं लागतं, आणि मुरवणारा रोज समोर असावा लागतो. रणजित घरूनच काम करायचा. ती दिवसभर गॅरेजमध्ये असायची. शाळेतून श्रिया आली की दार तोच उघडायचा. तिनं तो विचार झटकला, पण त्यानं आत पाय ठेवला होता.

तिच्या उजव्या तळहाताची आग होत होती. तळवा लालभडक झाला होता, बोटांच्या पेरांपर्यंत. कुठल्यातरी रसायनाची अ‍ॅलर्जी असेल म्हणून तिनं खोबरेल तेल लावलं. तेल चोळता चोळता तिला आठवलं की ह्या कामात तिनं एकही रसायन वापरलेलं नव्हतं.

५

श्रियाच्या वर्गशिक्षिकेला सगळी मुलं फाया हाना म्हणत; फाया म्हणजे इथल्या माओरी भाषेत बाई. तिनं निवेदिताला शाळा सुटताना थांबवलं, कोपऱ्यात नेलं आणि फार हळुवारपणे बोलली. पोहायच्या तासाला टॉग्ज, म्हणजे पोहायचे कपडे, घालताना श्रियाच्या दंडावर वळ दिसले होते. बोटांचे. घरात काही ताण आहे का, असं तिनं विचारलं, आणि हे मला पुढे कळवावं लागेल, हेही सांगितलं. आवाज मऊ होता, डोळे मऊ नव्हते. निवेदिताला त्या बाईचा राग आला नाही. उलट तिचे पाय धरावेसे वाटले.

घरी येऊन तिनं श्रियाची बाही वर केली. वळ निळे पडले होते. कुणी केलं हे, तिनं विचारलं. श्रिया तिच्याकडे बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "आय फेल डाउन, मम."

बाहेर नॉर्वेस्टर घोंघावत होता. निवेदिता पोळ्या लाटायला उभी राहिली आणि कणकेचा गोळा तिच्या हाताखाली चेंदामेंदा होत राहिला. हिशेब सरळ होता. घरात मोठी माणसं दोन. त्यांतली एक आपण. रणजित पाणी प्यायला आत आला तेव्हा तिनं सरळ विचारलं, किती दिवस चाललंय हे?

रणजितनं ग्लास खाली ठेवला. तो चिडला नाही आणि त्यामुळे ती जास्तच भडकली. तो म्हणाला की तो स्वतःच तिच्याशी बोलायचं म्हणत होता, काही दिवसांपासून, पण धीर होत नव्हता.

"निवा, ती खोटं बोलते ते तुझ्याकडे बघून," तो म्हणाला. "माझ्याकडे बघून नाही. तू विचार कर."

ती किंचाळली. काय काय बोलली ते तिचं तिलाही नंतर आठवलं नाही. पट्टा, खुंटी, सगळे पुरुष, सगळं त्यात आलं. त्याला दार दाखवायला तिनं हात वर केला, आणि त्या सहा फुटी माणसाचं कोपर फटकन चेहऱ्यासमोर गेलं. तिनं त्याला कधी बोटही लावलं नव्हतं. मारणाऱ्यालाच माराची एवढी धास्ती असते, असा तिनं त्याचा अर्थ लावला. खळ्ळकन आवाज झाला. ओट्यावरची खिडकी फुटून काचा सिंकमध्ये पडल्या होत्या आणि लाटणं बाहेर हिरवळीवर जाऊन पडलं होतं. रणजितच्या कानामागून रक्ताची बारीक रेघ उतरत होती.

तो शहराबाहेर रोलस्टनला त्याच्या मित्राकडे, शुभमकडे, जायला निघाला. श्रियाला बरोबर नेतो म्हणाला. निवेदिता तिला मागे घालून दारात उभी राहिली, आणि तो जायला वळला तेव्हा तिला खरोखर वाटलं की तिनं आपल्या पोरीला वाचवलं.

६

शाळेला सुट्टी लागली. श्रियाला घरात एकटी ठेवता येईना, म्हणून निवेदितानं तिला गॅरेजमध्येच आणून बसवलं. तिथे बसायला एकच खुर्ची होती, सरळ पाठीची. ती फुली आणि ईझल ह्यांच्या मधे जरा बाजूला ठेवली आणि मांडीवर चित्रकलेचा कागद दिला. पोर शहाण्यासारखी बसून राहिली. कागदावर तिनं काहीच काढलं नाही.

आता फक्त चेहरा राहिला होता. कोपर पार भुवयांपर्यंत चढलं होतं, पण निवेदितानं आता फोटो काढणं बंद केलं होतं. तिनं बोळा जिभेवर ओला केला आणि गालापासून सुरुवात केली. वारा दाराशी धडका देत होता, पत्रा कुरकुरत होता, आणि तिला मात्र फार शांत वाटत होतं. काम करताना तिला पुटपुटायची सवय होती. हलू नकोस, ती चित्राला म्हणाली. झालंच आता.

काजळी निघाली. खाली हिरवा, पिवळा, टाउबरचा असा कुठलाच रंग नव्हता. गव्हाळ रंग होता, ताजा, ऊबदार. गालावर एक काळा ठिपका राहिला होता, तीट लावावी तेवढा. तो निघेना. तिनं दुसरा बोळा घेतला, तिसरा घेतला. एरवी जी बाई कापसाचा भारसुद्धा चित्रावर पडू द्यायची नाही, ती आता दात आवळून घासत होती. असा कसा निघत नाही? बोळ्याला लालसर रंग यायला लागला. डाव्या हातानं तिनं हनुवटी घट्ट धरली म्हणजे चेहरा हलणार नाही.

चित्राला हनुवटी धरता येत नाही, हे तिच्या लक्षात यायला वेळ लागला.

"मम," श्रिया म्हणाली. "यू आर हर्टिंग मी."

निवेदिता फुलीवर उभी होती. खुर्ची तिच्या अगदी पुढ्यात आलेली होती आणि खुर्चीत श्रिया होती. तिचा गाल सोलवटला होता. हनुवटीवर आईच्या बोटांचे पांढरे ठसे उमटले होते. पोर रडत नव्हती. ह्याची तिला सवय झाली होती, आणि ती सवय बघून निवेदिताचं काळीज फाटलं.

तिची नजर श्रियाच्या डोक्यावरून मागे गेली, क्षणभरच. ईझलवर टाउबरची खुर्ची होती. पिवळीधमक, लाल कडांची, पाठीपासून पायांपर्यंत सगळी दिसत होती. तिच्यात कुणी नव्हतं.

तेवढ्यात तो आवाज आला. धप्प. अगदी जवळून. निवेदिताच्या तळहाताची आग झाली, आणि तिनं खाली बघितलं तेव्हा श्रियाचं कोपर चेहऱ्यासमोर होतं आणि दुसरा गालही लाल व्हायला लागला होता.

७

तिनं फुलीवर उभ्याउभ्याच रणजितला फोन लावला.

"लगेच ये आणि हिला घेऊन जा," ती म्हणाली. "तू नाहीस. मी आहे."

तो काही विचारत बसला नाही. गाडीच्या किल्ल्यांचा आवाज तिला फोनमधून ऐकू आला. तिनं श्रियाला सांगितलं, पळ, फाटकापाशी जाऊन उभी राहा, बाबा येतोय, मी हाक मारली तरी आत येऊ नकोस. श्रिया धावत बाहेर गेली. दार वाऱ्यानं एकदा आपटलं आणि उघडंच राहिलं.

आता फुलीवरून पाय हलवायचा. एवढंच करायचं होतं. निवेदितानं प्रयत्न केला आणि ती मागे जाऊ शकली नाही, बाजूला जाऊ शकली नाही. पाय अडकले होते असं नाही, उलट ती जागा इतकी तिची वाटत होती की ती सोडून कुठे जायचं तेच सुचेना. लाळ कुणी दिली होती? तिनंच. रोज, उपाशीपोटी, एखाद्या देवाला नैवेद्य दाखवावा इतक्या निष्ठेनं. आईचं बोलणं तिला आठवलं आणि ती मोठ्यानं रडायला लागली.

रडतानाही तिचं डोकं काम करत होतं, हीच तिची वाईट खोड. मारणारा उभा असतो, तिनं विचार केला. बसलेला कधी मारत नाही. टाउबरच्या एकाही चित्रात बसलेल्यानं मारलेलं नाही. म्हणजे तिला जाता येण्यासारखी एकच जागा होती, आणि ती समोरच होती. तिनं एक पाऊल पुढे टाकलं आणि ते सहज पडलं. ती खुर्चीत बसली, दोन्ही तळवे मांड्यांखाली दाबून धरले आणि दाराकडे तोंड करून वाट बघत राहिली. तळव्यांची आग थांबली. कितीतरी दिवसांनी तिचे खांदे सैल झाले. आता हिच्या अंगाला कुणाचा हात लागणार नाही, असं तिच्या मनात आलं आणि त्या सुखानं तिला आणखी रडू फुटलं.

रडणं बाहेर ऐकू जात असणार. दारात श्रिया उभी होती. निवेदितानं मान हलवली, जा म्हणून खुणावलं, पण सात-आठ वर्षांचं पोर आई रडत असताना फाटकापाशी किती वेळ उभं राहील? ती हळूहळू आत आली. सोललेला गाल, निळे वळ, आणि डोळ्यांत निव्वळ माया. आईला बघायचं तर कुठे उभं राहायचं हे तिला माहीत होतं, कारण आई रोज तिथेच उभी असायची. ती टेपच्या फुलीवर येऊन थांबली.

"मम, यू'व्ह गॉट ब्लॅक ऑन युअर फेस," ती म्हणाली.

काजळीचा हात तोंडाला लागला असणार. श्रियानं अंगठा जिभेला लावला, अगदी निवेदिता लावायची तसा, आणि आईचा गाल पुसला. मऊ, ओला, उबदार अंगठा. निवेदिताला वाटलं, हिला जवळ घ्यावं. तिनं मांड्यांखालून हात काढला आणि तो जवळ घ्यायला पुढे गेला नाही. तिचं कोपर वर गेलं. हनुवटीसमोर, मग ओठांसमोर, मग भुवयांपर्यंत. ते खाली आणायची तिनं खूप धडपड केली.

बाहेर फाटकाशी रणजितच्या गाडीचा ब्रेक लागला. गाडीचं दार उघडलं. निवेदिता कोपरावरून आपल्या मुलीकडे बघत होती. श्रियाचा चेहरा शांत होता, कामात असलेल्या माणसाचा असतो तसा, आणि तिचा उजवा हात उघडून वर गेला.

"हलू नकोस, आई," ती म्हणाली.